कायद्याची वाट आणि सत्तेचे वळण : यूजिनिया चार्ल्स

पूर्व कॅरिबियनमधील डॉमिनिका हे अवघ्या ७५१ चौरस किलोमीटरचे, सुमारे सत्तर हजार वस्तीचे बेट. डॉमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा. साहित्याच्या अभ्यासकांना हे बेट 'वाइड सरगॅसो सी' लिहिणाऱ्या जीन ऱ्हीसची जन्मभूमी म्हणून परिचित असते. याच बेटाने १९८० मध्ये कॅरिबियनमधील पहिली स्त्री पंतप्रधान निवडून दिली. मेरी यूजिनिया चार्ल्स (१९१९-२००५) पेशाने वकील होत्या, आणि त्यांच्या राजकारणाचा उगमच एका कायद्याला केलेल्या विरोधात आहे.

टोरांटो आणि लंडन येथे शिक्षण घेऊन चार्ल्स १९४७ मध्ये बॅरिस्टर झाल्या. १९४९ मध्ये मायदेशी परतून त्यांनी वकिली सुरू केली. डॉमिनिकातील त्या पहिल्या स्त्री वकील. पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत त्या पक्षीय राजकारणापासून दूरच होत्या. १९६८ मध्ये एडवर्ड लब्लाँ यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने राजद्रोही आणि अनिष्ट प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख टीकाकार वृत्तपत्रांवर होता. त्यांपैकी 'स्टार'च्या संपादक होत्या 'द ऑर्किड हाउस' (१९५३) या कादंबरीच्या लेखिका फिलिस शँड ऑलफ्री. ज्या मजूर पक्षाच्या स्थापनेत ऑलफ्री यांचा पुढाकार होता, त्याच पक्षाने पुढे त्यांना बाहेर काढले आणि आता त्यांच्या लेखणीवरही बंधन आणले! या विरोधातून फ्रीडम पक्ष जन्मला. त्याच्या नेतृत्वाची धुरा चार्ल्स यांच्याकडे आली. वकील आणि कादंबरीकार एका व्यासपीठावर आल्या, त्या मतस्वातंत्र्याच्या प्रश्नावर, ही गोष्ट आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते.

३ नोव्हेंबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला, पण प्रश्न तोच राहिला. पंतप्रधान पॅट्रिक जॉन यांनी संप आणि वृत्तपत्रे यांना वेसण घालणारी विधेयके आणली. २९ मे १९७९ रोजी निदर्शकांवर सैनिकांनी गोळीबार केला आणि जॉन यांचे सरकार कोसळले. ऑगस्टमध्ये 'डेव्हिड' चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले. अशा अवस्थेत जुलै १९८० मध्ये फ्रीडम पक्षाने २१ पैकी १७ जागा जिंकल्या.

सत्तेवर येताच चार्ल्स यांची कसोटी लागली. १९८१ मध्ये अमेरिकेतील वंशवादी भाडोत्री सैनिकांच्या साह्याने जॉन यांना पुन्हा सत्तेवर आणण्याचा कट उघडकीस आला. जॉन यांच्यावर रीतसर खटला चालला. १९८२ मध्ये ते निर्दोष सुटले. मात्र अपिलानंतर फेरसुनावणी होऊन १९८५ मध्ये त्यांना शिक्षा झाली. बंड करू पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीतही न्यायालयाची पायरी ओलांडली गेली नाही, हे नमूद केले पाहिजे.

परंतु १९८३ च्या ग्रेनेडा प्रकरणाचे काय? तेथील पंतप्रधान मॉरिस बिशप हेही वकीलच. मात्र १९७९ मध्ये ते निवडणुकीने नव्हे, उठावाने सत्तेवर आले होते. १९ ऑक्टोबर १९८३ रोजी त्यांच्याच पक्षातील संघर्षात त्यांची हत्या झाली. २५ ऑक्टोबरला अमेरिकी सैन्य ग्रेनेडात उतरले, आणि पूर्व कॅरिबियन राष्ट्रसंघटनेच्या अध्यक्षा या नात्याने चार्ल्स रेगन यांच्या शेजारी उभ्या राहून त्या कारवाईचे समर्थन करीत होत्या. छोट्या देशांना संरक्षणासाठी दुसरा आधार नव्हता, ही त्यांची भूमिका समजण्याजोगी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे स्वतःचे सरकार उलथता उलथता वाचले होते. तरीही संघटनेच्या करारातील संरक्षणविषयक तरतूद बाह्य आक्रमणापुरती होती, आणि येथील अरिष्ट अंतर्गत होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईबद्दल खेद व्यक्त केला. त्या नऊंत डॉमिनिका होते.

१९८५ आणि १९९० च्या निवडणुका जिंकून १९९५ मध्ये चार्ल्स निवृत्त झाल्या. त्यांना 'कॅरिबियनची पोलादी स्त्री' म्हणण्याची प्रथा पडली आहे. आमच्या मते ही उपाधी त्यांच्यावर अन्याय करते, कारण ती केवळ कणखरपणा पाहते. घरात कायद्याचा शब्द प्रमाण मानणाऱ्या व्यक्तीला शेजारच्या बेटाबाबत तोच शब्द सैल करावासा का वाटला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकट्या चार्ल्स यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा, स्वतःच्या बळावर स्वतःचे रक्षण करू न शकणाऱ्या चिमुकल्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याला असणाऱ्या मर्यादांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.