काळ्या स्वेटरवरचा पांढरा बो

फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्लीला विणता येत नव्हतं. तरीही १९२७ साली पॅरिसमध्ये तिच्या नावाने जो स्वेटर गाजला, तो सुयांवर हाताने विणलेला होता. काळी लोकर आणि गळ्याशी मोठा पांढरा बो. हा बो बांधलेला नव्हता, विणीतच उतरवलेला होता. दुरून पाहणाऱ्याला वाटायचं, बाईने गळ्याभोवती रुमाल बांधलाय. जवळ आल्यावर कळायचं की गाठही विणलेली आणि टोकंही विणलेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात हे स्वेटर जपून ठेवले आहेत.

मग विणला कोणी? अरूसियाग मिकाएलियन या आर्मेनियन बाईने. १९१५ च्या नरसंहारानंतर देशोधडीला लागलेली आर्मेनियन कुटुंबं हजारोंनी फ्रान्समध्ये आली होती, आणि पॅरिसमध्ये विणकामावर पोट भरणाऱ्या आर्मेनियन बायका होत्या. स्कियापारेल्लीने एका अमेरिकन मैत्रिणीच्या अंगावर एक स्वेटर पाहिला. दिसायला साधाच, पण आकार घट्ट धरून ठेवणारा. हाताने विणलेला स्वेटर घालून घालून सैल पडतो, घेर सुटतो, कोपराशी फुगा येतो, हे विणणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. हा तसा नव्हता. तो कुणी विणला याचा माग काढत ती मिकाएलियनपर्यंत पोचली.

त्या विणीत खरी हुशारी आहे. काळ्या धाग्याने सुलट विणत जायचं, पांढरा धागा मागून सोबत न्यायचा आणि थोड्या थोड्या टाक्यांनी तो काळ्यात अडकवायचा. अडकवला की पांढरा पुढच्या बाजूला किंचित डोकावतो, म्हणून काळं कापड निव्वळ काळं न राहता बारीक ठिपक्यांचं दिसतं. आम्ही दोन रंगांची नक्षी विणतो तेव्हा मागचा धागा पुढे दिसू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो. इथे त्या डोकावण्यालाच शोभा मानलं आहे. शिवाय मागे सतत दुसरा धागा असल्याने कापड ताणलं जात नाही. आज विणकाम करणाऱ्या बायका या पद्धतीला आर्मेनियन विणकाम म्हणूनच ओळखतात, याचा मला फार आनंद आहे.

स्कियापारेल्लीने बो कागदावर काढून दिला. १९५४ च्या ‘शॉकिंग लाइफ’ या आत्मचरित्रात ती सांगते की पहिला स्वेटर फसला, दुसराही जमला नाही, तिसरा मनासारखा उतरला. तो घालून ती एका जेवणाला गेली आणि तिथेच न्यूयॉर्कच्या एका दुकानासाठी खरेदी करणाऱ्याने मागणी नोंदवली: ४० स्वेटर, सोबत ४० स्कर्ट, मुदत दोन आठवडे. मग पॅरिसमधल्या आणखी आर्मेनियन बायका शोधून कामाला बसवल्या गेल्या. दोन आठवड्यांत ४० स्वेटर म्हणजे काय, हे ज्याने एक तरी स्वेटर पुरा केलाय त्याला सांगावं लागणार नाही. दुकानातली ती फॅशन मुळात घराघरांत, दिव्याखाली, कुणाच्या तरी बोटांवर तयार झाली होती. स्कियापारेल्लीची नजर मोठीच. पण नाव तिचं झालं आणि मिकाएलियनचं नाव बरीच वर्षं फक्त जाणकारांपुरतं राहिलं, हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढे त्या बोची नक्कल सर्रास झाली. त्यात मला काही वावगं दिसत नाही. आमच्याकडे पुण्यात माझी आत्या हेच करायची. लक्ष्मी रोडवर काचेआड टांगलेला स्वेटर नजरेने मोजायची, मुंढा कुठे सुरू होतो, बॉर्डर किती बोटांची, ते मनात धरून घरी येऊन सुया हातात घ्यायची. बोच्या बाबतीत तर हाताचं काम दुकानातून फिरून पुन्हा हातातच येतं.

मला हा स्वेटर विणायचा आहे, आणि पहिले दोन का फसले असतील याचा एक अंदाज कागदावरच आला. सुलट टाका चौकोनी नसतो. रुंदीला जास्त, उंचीला कमी. १० नंबरच्या सुयांवर, दोन्ही धागे सोबत घेऊन विणलेल्या तुकड्यात मला १० सेंटिमीटरला २४ टाके आणि ३० ओळी मिळतात. बो २० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच हवा, तर ४८ टाके, गाठ मधोमध यावी म्हणून ४९, आणि ३६ ओळी लागतील. साध्या चौकटीच्या कागदावर तो प्रमाणात, देखणा काढला तर ओळी २९च भरतात, आणि विणल्यावर बो चेपलेला दिसतो. म्हणून कागदावर तो मुद्दाम उभट, जरा बेढबच काढायचा. हा तुकडाही एकाच रंगात विणून चालत नाही, कारण मागे धागा असला की वीण आवळते आणि सगळा हिशेब बदलतो.

पुढच्या भागाला ४८ सेंटिमीटर, म्हणजे ११५ टाके. आकडा विषम आहे हे बरंच झालं: ५८ वा टाका बरोबर मधोमध येतो, त्यावर गाठ बसेल. बोच्या पांढऱ्या भागात काळा धागा मागून न्यायचा, तिथे तो डोकावला तर पांढरं मळकट दिसेल. तेवढ्या जागी अडकवण्याच्या जागा प्रत्येक ओळीत बदलत ठेवणार आहे. लोकर थ्री प्लायच घेतली आहे. दोन धाग्यांचं कापड पुण्याच्या थंडीला तसंही जाड होतं, म्हणून बाह्या कोपरापर्यंतच ठेवीन.