बेसबॉल कार्डांचे अखंड ताव
बेसबॉल कार्डांचे अखंड ताव : अमेरिकेतील बेसबॉलपटूंची चित्रकार्डे कापून सुटी करण्यापूर्वीचे संपूर्ण मुद्रित ताव. कार्डे सिगारेट वा च्युइंग गम यांच्या वेष्टनांतून विकली जात. त्यामुळे असे ताव क्वचितच उरले. त्यांचे महत्त्व मुख्यतः पुरावा म्हणून आहे. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीचा १९३३ चा २४० क्रमांकांचा संच प्रत्येकी २४ कार्डांच्या १० तावांवर छापला गेला. त्यात क्र. १०६ नव्हताच, उलट बेब रूथचे क्र. १४४ एकाच तावावर दोनदा होते. मुलांनी उणा क्रमांक शोधत गम घेत राहावे, हा त्यामागील हेतू मानला जातो. तक्रारींनंतर १९३४ मध्ये ते कार्ड छापून टपालाने पाठविण्यात आले. ताव कापल्यास कोरी करकरीत कार्डे मिळतात. मात्र मुद्रणातील अशी जुळणी सांगणारा पुरावा कायमचा नाहीसा होतो.