५४ युनिटची शर्यत आणि शेवटचे काही मीटर

परवा शेणवा नाक्यावर चहा पीत होतो. शेजारच्या बाकावर दोन पोरं मोबाइलवर गाड्यांची शर्यत बघत होती. एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी. एकाने विचारलं, "काका, यात आपल्याकडची गाडी असते का हो?" म्हटलं, असते. महिंद्राची. "मग जिंकते का?"

या प्रश्नाचं उत्तर चहा संपेपर्यंत देता आलं नाही, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा.

फॉर्म्युला ई ही विजेवर चालणाऱ्या गाड्यांची जागतिक शर्यत. पहिली झाली १३ सप्टेंबर २०१४ ला, बीजिंगमध्ये. महिंद्राचा संघ पहिल्या दिवसापासून त्यात आहे. तेव्हा बॅटरी पूर्ण शर्यत टिकायची नाही. ड्रायव्हर अर्ध्यावर एका गाडीतून उतरायचा आणि धावत जाऊन दुसरीत बसायचा. लोक हसायचे. २०१८ च्या डिसेंबरात नवी पिढी आली आणि हे हसणं बंद झालं. महिंद्राच्या त्या गाडीचं नाव एम-५ इलेक्ट्रो.

आता तिची रचना बघा. वजन ड्रायव्हर धरून किमान ९०० किलो. त्यातले जवळपास ३८५ किलो नुसती बॅटरी. वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत. सांगाडा आणि बॅटरी सगळ्या संघांना सारखीच. संघाने स्वतःचं डोकं लावायचं ते मोटार, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन आणि सॉफ्टवेअर यात.

बॅटरी ५४ किलोवॅट-तासांची. आपल्या भाषेत ५४ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलातला पहिला टप्पा १०० युनिटचा असतो, म्हणजे त्याच्या जेमतेम निम्मी वीज. तेवढ्यात ४५ मिनिटं आणि वर एक फेरी, पूर्ण वेगात काढायची. नुसता पाय दाबून धरला तर वीज आधीच संपणार. म्हणून ड्रायव्हर वळणाच्या अलीकडेच पाय उचलतो, गाडी सोडून देतो, आणि ब्रेक लावताना मोटार उलटी जनित्रासारखी चालून वीज परत बॅटरीत भरते.

ही युक्ती नवीन वाटते ना? कसारा घाटाला विचारा. १९३० च्या सुमारास कल्याण-इगतपुरी मार्गावर वीज आली. १ ला ३७ चा चढ. तिथे धावणारी जुनी इंजिनं, ज्यांना रेल्वेवाले 'खेकडा' म्हणायचे, घाट उतरताना हेच करायची. उतरणाऱ्या गाडीने तयार केलेली वीज तारेत परत जायची आणि चढणाऱ्या गाडीच्या कामी यायची. म्हणजे आपल्या डोंगरात हे गणित नव्वद वर्षांपूर्वीच सुटलं होतं.

आता कामगिरी. एम-५ ची सुरुवात दणक्यात झाली. पहिल्याच शर्यतीत, सौदीतल्या दिरियात, बेल्जियमचा जेरोम दांब्रोझिओ तिसरा आला. १२ जानेवारी २०१९ ला मोरोक्कोत मराकेशला पुढच्या दोन बीएमडब्ल्यू गाड्या आपसातच भिडल्या आणि दांब्रोझिओने शर्यत मारली. गुणतक्त्यातही तो पहिला. पुढे चिलीत सॅन्टियागोला जर्मनीचा पास्कल वेर्लाईन दुसरा.

मग १६ फेब्रुवारी, मेक्सिको सिटी. वेर्लाईन सगळ्यात पुढून सुटला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. मागे ऑडीचा लुकास दी ग्रासी चिकटलेला. दोघांकडेही वीज संपत आलेली. शेवटच्या फेरीत वेर्लाईनने जागा राखताना वळण कापलं. पुढे सरळ रस्ता आणि समोर रेषा. रेषा काही मीटरवर असताना त्याची बॅटरी रिकामी झाली. दी ग्रासी बाजूने निघाला आणि ०.२१ सेकंदाने जिंकला. वळण कापल्याबद्दल वेर्लाईनला वर पाच सेकंदांचा दंड बसला, दुसऱ्याचा सहावा झाला.

त्यानंतर त्या मोसमात एम-५ पहिल्या तिघांत आलीच नाही. संघ सहाव्या क्रमांकावर राहिला.

पुढचं थोडक्यात. २०२१ च्या जुलैत लंडनला अॅलेक्स लिनने संघाचा पाचवा विजय मिळवला. २०२३ ला हैदराबादेत, देशातल्या पहिल्या फॉर्म्युला ई शर्यतीत, ऑलिव्हर रोलंड सहावा. दोनच आठवड्यांनी केपटाउनला मागच्या सस्पेन्शनची शंका आली म्हणून संघाने गाड्या शर्यतीत उतरवल्याच नाहीत. लाज वाटली असेल, पण निर्णय बरोबर होता. ड्रायव्हरचा जीव पहिला. त्या मोसमात संघ तळाच्या जवळ गेला. २०२४-२५ मध्ये तोच संघ चौथा आला.

तर पोरांनो, तुमचं उत्तर: जिंकते, पण क्वचित. आणि हरते तेव्हा बहुतेक वेळा वेगात नाही, हिशेबात हरते.

माझा मुद्दा मात्र पुढचा आहे. ज्या कंपनीची ही गाडी, तिचा इंजिनचा कारखाना आपल्या घाटापलीकडे इगतपुरीत आहे. शर्यतीचा संघ मात्र इंग्लंडात बसतो. गाडी भारताच्या नावावर धावते, चालवणारे परदेशी, डोकं लावणारेही बहुतेक तिकडचेच. इकडे आपली पोरं आयटीआयला जाऊन फिटर, डिझेल मेकॅनिक होतात, या भरवशावर की इंजिनाचं काम कायम राहील. कंपनीच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणला बनतात. त्यात डिझेल इंजिन नाही. इन्व्हर्टर आहे, मोटार आहे, सॉफ्टवेअर आहे. शर्यतीत संघ डोकं लावतो ते यावरच.

धरणं आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघणारेही आपणच. हाताशी आहे ते पुरवून वापरायचं गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. ते गणित कारखान्यात वापरता येईल असं शिक्षण आपल्या पोरांना इथे, शहापूर-मुरबाडात मिळणार का, हा प्रश्न आहे.

तुमच्या घरातलं कोणी आयटीआयला असेल तर एक करा. या वर्षी त्याला विजेच्या गाडीबद्दल काय शिकवलं, ते विचारा. उत्तर काय येतं ते खाली लिहा. त्यावर पुढची पोस्ट लिहीन.