आकिल्ले कास्तिल्योनी : गरजेतून घडलेल्या वस्तू

आकिल्ले कास्तिल्योनी यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९१८ रोजी मिलानमध्ये झाला. वडील जानिनो शिल्पकार होते. लिवियो आणि पिएर जाकोमो हे थोरले भाऊ आधीच वास्तुरचनेच्या व्यवसायात उतरले होते. १९४४ मध्ये मिलानच्या पोलितेक्निकोतून वास्तुविशारद होऊन आकिल्ले त्यांना जाऊन मिळाले.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनी मिलानची मोठी हानी केली होती. घरे नव्याने उभी राहत होती आणि त्यांत दिवे, खुर्च्या, रेडिओ हवे होते. आसपासच्या कारखान्यांनाही नव्या मालाची गरज होती. त्यामुळे अनेक तरुण वास्तुविशारद वस्तूंच्या रचनेकडे वळले. १९५२ मध्ये लिवियो वेगळे झाले आणि उरलेले दोघे भाऊ एकत्र काम करत राहिले. कोणती कल्पना कोणाची, हे त्यांच्या कामात वेगळे काढता येत नाही.

वस्तूत गरजेपुरतेच ठेवायचे आणि तयार मिळणारा भाग जसाच्या तसा वापरायचा, ही त्यांची रीत होती. १९५४ चा ‘लुमिनातोर’ दिवा म्हणजे तीन पायांवर उभी असलेली पोलादी नळी. बल्बचा होल्डर मावेल एवढीच तिची जाडी. १९५७ मधील ‘मेत्साद्रो’ या स्टुलाला त्यांनी ट्रॅक्टरची पत्र्याची सीट बसवली. अर्धेलीने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला इटालियनमध्ये ‘मेत्साद्रो’ म्हणतात, तेच नाव स्टुलाला मिळाले. त्या काळी ही कल्पना इतकी धाडसी होती की त्याचे कारखान्यातील उत्पादन सुरू व्हायला एक दशकाहून अधिक काळ गेला.

१९६२ मध्ये फ्लोस कंपनीसाठी केलेला ‘आर्को’ हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध दिवा. जेवणाच्या टेबलावर उजेड वरून पडावा, पण त्यासाठी छताला भोक पाडावे लागू नये, हा मूळ प्रश्न होता. रस्त्यावरच्या दिव्याच्या वाकलेल्या खांबातून उत्तर सुचले. पोलादी कमान टेबलावर झुकते आणि तिचा तोल कॅराराच्या संगमरवराचा सुमारे ६५ किलोचा ठोकळा सांभाळतो. ठोकळ्याचे कोपरे कोणाला लागू नयेत म्हणून बोथट केलेले आहेत. त्याला आरपार एक भोक आहे. झाडूचा दांडा त्यात घालून दोन माणसांनी दिवा उचलायचा, एवढेच त्या भोकाचे काम.

१९६८ मध्ये पिएर जाकोमो वारले. त्याच वर्षीचे ‘रोम्पित्रात्ता’ हे दोघा भावांचे काम: दिव्याच्या वायरीत मध्येच बसवायचे छोटे बटण. अंधारात चाचपडतानाही ते बोटांना सापडते. विजेच्या दुकानात ते घेणाऱ्यांना रचनाकाराचे नाव माहीत नसे आणि आकिल्लेंना या बटणाचा विशेष अभिमान होता.

पुढे आकिल्ले एकट्याने काम करू लागले. १९७१ चा ‘पारेंतेसी’ दिवा पिओ मान्झू या दिवंगत रचनाकाराच्या कल्पनेवरून आला. छत ते जमीन ताणलेल्या पोलादी तारेवर तो वरखाली सरकतो. तार वाकड्या नळीतून जाते आणि तिथल्या घर्षणामुळे हवा तिथे दिवा थांबतो, स्क्रू लागत नाही.

तोरिनो आणि मिलान येथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. वर्गात ते खेळणी, चष्मे, हत्यारे अशा अनामिकांनी घडवलेल्या वस्तू घेऊन येत आणि त्यांतून विषय उलगडत. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. २ डिसेंबर २००२ रोजी मिलानमध्येच त्यांचे निधन झाले. पियात्सा कास्तेल्लोवरील त्यांचा स्टुडिओ, त्या जमवलेल्या वस्तूंसह, पुढे लोकांसाठी खुला करण्यात आला.