छापील हस्ताक्षर

गेल्या वैशाखात पुतण्याच्या मुलीच्या बारशाची पत्रिका मोबाइलवर आली. अक्षर कुणीतरी घाईत स्केचपेनाने लिहिल्यासारखं, किंचित उजवीकडे कललेलं, मोकळं. ‘कुणी लिहिलंय एवढं छान?’ मी विचारलं. पुतण्या हसला. ‘काका, फॉन्ट आहे तो. कलम.’

‘कलम’ हा इंडियन टाइप फाउंड्रीने 2014मध्ये काढलेला फॉन्ट. मूळ रेखाटन लिपी रावल यांचं. देवनागरी आणि रोमन मिळून हजारावर अक्षराकृती त्यात आहेत. घरगुती कार्यासाठी तो गोड दिसतो, यात वाद नाही. पण पत्रिका पुन्हा वाचली आणि खटकलं. ‘आमचे आग्रहाचे आमंत्रण’मधले तिन्ही ‘आ’ एकमेकांची हुबेहूब नक्कल! माणसाचा हात असं करत नाही.

आम्ही नेवाशाचे. इथे शके 1212मध्ये ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, अशी नोंद ज्ञानेश्वरीच्या शेवटी येते. त्यांच्या हातची प्रत मात्र उरली नाही. त्याच यादवकाळात हेमाडपंतांनी मोडी आणली, असं परंपरा सांगते. एका माणसाने लिपी आणली हे मला पटत नाही. ती कारकुनांच्या घाईतून घडत गेली असावी. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायची. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही. आपली रोजची, अनौपचारिक लिखावट ती हीच.

छापखान्याने या हाताला जवळ करून पाहिलं. बंगालमधल्या श्रीरामपूरला (आमच्या जिल्ह्यातल्या नव्हे) विल्यम कॅरीचा मराठी कोश 1810मध्ये मोडी खिळ्यांत छापला गेला. पण खिळा म्हणजे सुटं अक्षर; मोडीचा जीव अक्षरांच्या मधल्या वळणात. ते वळण शिळाप्रेसला जमण्यासारखं होतं, कारण तिथे लेखकाचा हातच दगडावरून कागदावर उतरे. गणपत कृष्णाजींनी 1831मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच, अर्थात बाळबोधात. पुढे सुबक बाळबोध खिळ्यांनी बाजी मारली आणि मोडी वह्यांपुरती उरली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली तीही 2014मध्येच, ‘कलम’च्या वर्षी. पत्रिकेवर मात्र ती अजून मी पाहिलेली नाही.

आजोबांच्या किराणा दुकानाची कीर्द वाचता यावी म्हणून चाळिशीत मी मोडी शिकलो. त्यात एकाच पानावर चार तऱ्हांचे ‘क’ आहेत. सकाळचा सावध, तिन्हीसांजेचा घसरलेला. माझ्या वडिलांच्या बारशाचा खर्चही तिथेच आहे: गूळ, खोबरं, घुगऱ्यांचे हरभरे. त्या ओळीत ‘मुलाचे’ हा शब्द आजोबांनी दोनदा लिहिलाय. पहिला खोडून शेजारी पुन्हा, जरा मोठ्या अक्षरात.