देणारे हात आणि घडविणारे हात

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की दोन प्रकारचे हात एकत्र येतात. एक देणारे आणि दुसरे घडविणारे. देणाऱ्याचे नाव पावतीपुस्तकात राहते, फरशीवर कोरले जाते, स्मरणिकेत छापले जाते. आणि ते सर्वथैव योग्यच आहे. घडविणारा मात्र काम संपले की आपली हत्यारे पिशवीत भरतो आणि दुसऱ्या गावचा रस्ता धरतो. पाथरवट, सुतार, तांबट, गवंडी, चितारी ह्यांच्या हातांशिवाय एकही देवालय उभे राहिलेले नाही. म्हणून जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी ह्या हातांचा थोडासा इतिहास आठवणे उचित होईल.

गावगाड्यात सुतार-लोहारांचे नित्याचे काम बलुत्यावर चाले. नांगर, कुळव, पाभर ह्यांची डागडुजी वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे, अशी ती रीत होती. देवळाचे काम त्याहून निराळे. पालखी, मखर, प्रभावळ, गाभाऱ्याची चौकट, भिंतीवरची चित्रे ह्या वस्तू मागणीप्रमाणे, त्या देवासाठी आणि त्या जागेसाठीच घडवाव्या लागतात. कारागिराने जागेवर येऊन मापे घ्यायची, नमुना दाखवायचा, काम उक्ते की रोजंदारीने हे ठरवायचे, विसार घ्यायचा आणि मग हत्याराला हात घालायचा. अशा कामात कारागिराला दोन धनी असतात. एक पैसे देणारा आणि दुसरे ते कामच. दोघांचेही समाधान होईल तेव्हाच काम उतरले असे म्हणता येते.

ही परंपरा किती जुनी आहे हे पाहायला लांब जायला नको. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत व्यापारी आणि श्रेष्ठी ह्यांच्या दानांची नोंद आहेच; पण धेनुकाकट येथील सामि नावाच्या सुताराचाही लेख आहे. दरवाजाचे काम त्याने केले, अशी ती नोंद. त्याच लेण्याच्या छताला बसविलेल्या लाकडी कमानी इतकी शतके लोटली तरी आजही तेथे आहेत. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद ह्याचे नाव आहे, आणि त्याच तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी केल्याचीही नोंद आहे. हस्तिदंतावर नाजूक नक्षी काढण्यात तरबेज झालेले हात दगडावरही तितक्याच सफाईने फिरले.

भिंतीवरच्या चित्रांचा विचार करताना अजिंठ्याचे नाव प्रथम येते. तेथील लेणी दोन कालखंडांत कोरली गेली. त्यांतील उत्तरकालीन लेणी इ. स. च्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळातील होत. सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव ह्याने करविले, तर सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. त्यांची नावे शिलालेखांत आहेत. पण ज्या चितारकांनी पद्मपाणी रंगविला, त्यांतील एकाचेही नाव आज कोणाला सांगता येत नाही.

त्यांची कामाची पद्धत मात्र भिंतच सांगते. खडकावर आधी माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू ह्यांचा गिलावा द्यायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवायचा आणि मग रेखाटन करून रंग भरायचे. तांबडा आणि पिवळा रंग गेरूसारख्या मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र दूरच्या अफगाणिस्तानातून येणाऱ्या मौल्यवान दगडाचा. निळ्या रंगाला दात्याची थैली लागे. तो कोठे आणि किती लावायचा हे ठरविण्यास चितारकाची नजर लागे. हरिषेणाच्या मृत्यूनंतर राजाश्रय संपला आणि पुष्कळ कामे तशीच थांबली, असे अभ्यासक मानतात. चोविसावे लेणे अर्धवटच राहिले आहे. देणारा हात थांबला की घडविणारा हातही थांबतो, ह्याचा हा दगडातला पुरावा होय.

त्यानंतर सुमारे बारा शतकांनी रायगडावर मात्र घडविणाऱ्याचे नाव देवाच्या दारी कोरले गेले. गडाचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी हिरोजी इंदुलकरांकडून करवून घेतले. जगदीश्वराच्या मंदिराजवळ शके १५९६, म्हणजे इ. स. १६७४ चा संस्कृत शिलालेख आहे. त्यात गडावरील विहिरी, तलाव, उद्याने, राजमंदिरे इत्यादी हिरोजींनी उभारल्याचे सांगितले आहे. पण त्याहून मनाला भिडतो तो मंदिराच्या पायरीवरचा छोटासा लेख. सेवेस सदैव तत्पर असलेल्या हिरोजी इंदुलकराचे नाव त्या पायरीवर आहे. दर्शनास येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांची धूळ त्यावर पडावी, एवढेच बक्षीस हिरोजींनी मागितले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पायरी आणि तीवरचे नाव आजही आहे.

कोकण व गोवा ह्या भागांत देवळांच्या भिंतींवर कावी नावाची एक सुंदर कला बहरली. तिचे नाव तांबड्या कावेवरून पडले. समुद्रातील शिंपले भाजून चुना करायचा, त्यात वाळू आणि गूळ मिसळून तो मुरत ठेवायचा आणि चांगला कुटून भिंतीला गिलावा करायचा. ह्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने नक्षी खरवडून काढायची. जेथे तांबडे निघते तेथे खालचे पांढरे दिसते. गिलावा वाळला की चूक दुरुस्त होत नाही. म्हणून त्या वेळात कारागिराचा हात थरथरून चालत नाही. उलट, चुना मुरण्याचे दिवस कोणालाही कमी करता येत नाहीत. उत्सवाची तिथी जवळ आली म्हणून घाई केली तर भिंत ती घाई पुढे दाखविल्याशिवाय राहत नाही.

एकाच माणसाच्या हाती किती हुन्नर असू शकतात, ह्याचे अलीकडच्या काळातील उदाहरण म्हणजे कोल्हापूरचे बाबुराव पेंटर. त्यांचा जन्म १८९० चा. मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे सुतारकामापासून चित्र-शिल्पापर्यंत अनेक कामांत निष्णात होते. बाबुराव आणि त्यांचे बंधू आनंदराव ह्यांनी नाटक मंडळ्यांच्या मागणीवरून रंगविलेल्या पडद्यांनी मोठे नाव कमावले. केशवराव भोसले ह्यांच्या मंडळीचे पडदे त्यांतलेच. भिंतीऐवजी कापड असले तरी काम तेच: दुसऱ्याच्या जागेचे माप, दुसऱ्याचा विषय आणि आपला हात. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरीही दोघांनी पाहिलेले स्वप्न बाबुरावांनी सोडले नाही. १९१८ च्या सुमारास विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्याने त्यांनी सिनेमाचा कॅमेराच कोल्हापुरात घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. कुंचला धरणारा हात लोखंड आणि पितळही तितक्याच आपुलकीने हाताळीत होता.

ह्या साऱ्या इतिहासातून जीर्णोद्धार करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नव्या कारागिराला काम देताना जुन्या कारागिराचे काम पुसले जाण्याचा धोका असतो. हे बहुधा भक्तीपोटीच घडते. अजिंठ्याच्या चित्रांना एकोणिसाव्या शतकात उजाळा यावा म्हणून वार्निश चढविले गेले. पुढे तेच पिवळे पडून चित्रांना बाधक ठरले. गावोगावच्या देवळांत जुन्या दगडावर तैलरंगाचे थर बसतात, चित्रांवर चुन्याचे हात फिरतात, कोरीव खांब चकचकीत फरशीआड जातात. आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चुन्याची भिंत आतून फुगते. पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिरात २०२४ साली संवर्धनाचे काम झाले, तेव्हा गाभाऱ्यातील नंतरच्या काळात बसविलेली फरशी काढण्यात आली आणि मूळचा दगड पुन्हा भाविकांच्या दृष्टीस पडला. नवे बसविण्याइतकेच जुने उघडे करणे हाही जीर्णोद्धारच होय.

म्हणून भिंत खरवडण्यापूर्वी ती जाणकाराला दाखवावी. काय होते त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. कारागिराशी मोबदला ठरविताना मुदतही कामाच्या मानाने ठरवावी. आणि देणगीदारांच्या नामावलीखाली एक ओळ राखून ठेवावी: चौकट कोणी केली, कळस कोणी घडविला, भिंत कोणी रंगविली. ह्याला खर्च फारसा येत नाही. जीर्णोद्धार पुन्हा कधीतरी करावा लागणारच. त्या वेळी येणारा सुतार किंवा चितारी ती ओळ वाचील आणि आपल्या आधी येथे कोण राबले हे त्याला कळेल. आपल्या हातूनही त्या तोलाचे काम व्हावे, असे त्याला मनोमन वाटेल. गावाच्या देवळाला ह्याहून भक्कम आधार तो कोणता?

॥ शुभं भवतु ॥