खिंडीच्या पायथ्याशी एक रविवार

रविवारी दुपारी आम्ही फ्रान्समधील सँ-झाँ-पिए-द-पोर या लहानशा गावी उतरलो. बायोन शहराहून सुटणारी आगगाडी नीव्ह नदीच्या काठाने वळणे घेत तासाभरात येथे येते आणि थांबते. पुढे लोहमार्ग नाही. पिरेनीज पर्वत आहे. 'खिंडीच्या पायथ्याचे संत योहान' असाच गावाच्या नावाचा अर्थ. पर्वतापलीकडे स्पेन, आणि तेथून सुदूर पश्चिमेस सांतियागो दे कोम्पोस्तेला. तेथे प्रेषित संत याकोब यांची कबर आहे, अशी ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा सांगते. आपल्या आगाशीचे ख्रिस्तमंदिर याच संतांच्या नावाचे आहे. सोमवारी पहाटे आम्हांला चालू लागायचे होते. रविवार हातात होता.

आज अनेक यात्रेकरू या गावाला यात्रेचा आरंभ मानतात. मध्ययुगात तसे नव्हते. यात्रा सुरू होई ती स्वतःच्या उंबरठ्यावरून. निघण्यापूर्वी मृत्युपत्र करावे, कर्ज फेडावे, वैर मिटवावे. मग गावच्या धर्मगुरूंनी झोळी व काठी आशीर्वादित करावी. फ्रान्समधून येणाऱ्या चार मार्गांपैकी तीन मार्ग ओस्ताबा येथे एकत्र येत. तेथून येणारा थकलेला वाटसरू वरच्या अंगाच्या संत याकोब वेशीतून या गावात शिरे. ही वेस १९९८ साली जागतिक वारशात समाविष्ट झाली. उतरत्या दगडी रस्त्याने तो नदीपाशी येई. पुलाच्या टोकाशी तांबूस दगडात बांधलेले पवित्र मारियेचे ख्रिस्तमंदिर आजही उभे आहे. आम्ही आगगाडीने आलो खरे, तरी त्याच वेशीपर्यंत चढून गेलो आणि त्याच्या वाटेने खाली उतरलो.

या गावाचा एक जुना कलंकही इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. बाराव्या शतकातील 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या लॅटिन ग्रंथाच्या पाचव्या भागात यात्रेकरूंसाठी मार्गदर्शन आहे. खिंडीखालच्या या गावांतील जकातदारांवर ग्रंथकार कमालीचा संतापलेला दिसतो. जकात फक्त व्यापाऱ्यांकडून घ्यायची, यात्रेकरूंकडून नव्हे, असा दंडक होता. हे लोक मात्र काठ्या घेऊन वाटेत आडवे येत, झडती घेत आणि बळजबरीने पैसे उकळत. त्यांना आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या धनिकांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करावे, अशी मागणी त्याने केली आहे. लुटणारे परधर्मीय नव्हते. तेही बाप्तिस्मा घेतलेलेच होते.

येथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, खिंडीपलीकडे रोन्सेस्व्हायेस आहे. त्याच बाराव्या शतकात तेथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा व रुग्णालय उभे राहिले. त्याचे दार निरोगी आणि रोगी, ख्रिस्ती आणि अख्रिस्ती अशा सर्वांसाठी उघडे असे, अशी थोरवी तेराव्या शतकातील एका लॅटिन काव्यात गायिली आहे. एकाच वाटेवर, एकाच दिवसाच्या चालीत, एकीकडे आडवी काठी आणि दुसरीकडे उघडे दार!

या परिसराचे आपल्याशीही नाते आहे. गाव तेव्हा नवार राज्यात होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या वडिलांचे घराणे याच भागातले. जवळच्या जाशू खेड्यावरून त्यांना नाव मिळाले. १५१२ साली कास्तीलने नवार जिंकले तेव्हा फ्रान्सिस सहा वर्षांचे होते. घराण्याने राज्य गमावले, घराची तटबंदी पुढे पाडली गेली. अशा घरातला मुलगा ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला आणि पुढे वसईलाही त्याचे पाय लागले. तो आपल्या भूमीवर परका पाहुणा म्हणूनच आला होता.

सांतियागोच्या यात्रेत रविवारला विशेष मान आहे. संत याकोबांचा सण, २५ जुलै, रविवारी आला की ते वर्ष पवित्र वर्ष ठरते. २०२१ नंतर असा योग २०२७ साली आहे. परंतु त्याहूनही जुना असा एक रविवार आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य अम्माऊस गावाकडे चालले होते. सोबत आलेल्या अनोळखी वाटसरूला त्यांनी वाटेत ओळखले नाही. संध्याकाळ झाली म्हणून आग्रहाने त्याला घरी ठेवून घेतले, आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. आग्रह केला नसता, तर प्रभू पुढे निघून गेला असता.

१९८६ साली सांतियागोत यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र घेणारे अडीच हजारही नव्हते. २०२४ साली ते पाच लाखांच्या घरात गेले. पाय वाढले, हे खरे. पण या रिकाम्या रविवारी आम्हांला पायांपेक्षा दारांचाच विचार अधिक सुचला. यात्रा चालणाऱ्याची असते, तितकीच ती वाटेवर राहणाऱ्यांचीही असते.

आपल्याकडे ३ डिसेंबरच्या सणासाठी सावंतवाडी, बेळगाव भागांतून भाविक पायी जुन्या गोव्यास जातात. कित्येक धर्मग्रामे अशा वाटांवर आहेत. आणि कामाच्या शोधात निघालेल्यांची वाट तर प्रत्येक गावातून जाते. त्यांच्याकडून आपण भाडे किती घेतो, पाणी कसे देतो, रविवारच्या मिस्साला मागच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला काय विचारतो, यावरून आपण जकातदार आहोत की धर्मशाळेचे दार, हे ठरते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पूल ओलांडला आणि चढ लागला. झोळी पाठीवर होती, काठी हातात होती. ती काठी कुणाच्याही आडवी जाऊ नये, एवढीच प्रार्थना आम्ही खिंडीच्या पायथ्याशी केली.